स्नॅपशॉट घेणारा शहाणा की उडवणारा?

हापिसात एखादा नवा मुलगा सर्व्हरवर काही उलथापालथ करायला घाबरत असला, की आम्ही सीनियर मंडळी (हो, आमच्या धंद्यात सहा वर्षांत माणूस सीनियर होतो) एकच वाक्य फेकतो. "स्नॅपशॉट आहे ना? मग कर बिनधास्त." मीही हे वाक्य शेकडो वेळा फेकलंय. २०२५ च्या नोव्हेंबरात मात्र ते माझ्याच घशात अडकलं. ती गोष्ट आधी सांगतो, माझं म्हणणं नंतर.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कराडजवळच्या एका गावात राहायची. तिला जात्यावरच्या ओव्या भरपूर यायच्या. जातं कधीच माळ्यावर गेलं होतं, पण लसूण सोलताना, तांदूळ निवडताना ती गुणगुणत बसायची. २०२३ च्या दिवाळीत मी शेजारी फोन ठेवून अकरा रेकॉर्डिंगं केली. "कोण ऐकणार आहे रे हे?" म्हणाली, पण नंतर आवाज लावून म्हटल्या तिने. पुण्याला आल्यावर फाइली लॅपटॉपवर टाकल्या आणि विसरून गेलो. २०२४ च्या डिसेंबरात आजी गेली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा आईचा फोन. "अरे, आजीच्या ओव्या तुझ्याकडे आहेत ना? त्या दिवशी सगळे जमतील, लावू या."

"आहेत की. दर तासाला स्नॅपशॉट होतो माझ्या लॅपटॉपचा. जातायत कुठे!"

फोल्डर उघडला. रिकामा.

तर झालं होतं असं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला डुप्लिकेट फाइली साफ करायची हुक्की आली होती. तयार टूल वापरायचं सोडून वीस ओळींची स्क्रिप्ट टंकली (इंजिनियर ना आम्ही!). नाव सारखं असेल तर फाइल तीच, असं धरून चालणारी. आता फोनवरचं रेकॉर्डरचं अ‍ॅप काय नाव देतं? 'न्यू रेकॉर्डिंग १', 'न्यू रेकॉर्डिंग २'... त्याच फोनवर मी हापिसातल्या मीटिंगाही रेकॉर्ड करत होतो, वेगळ्या फोल्डरात, त्याच नावांनी. स्क्रिप्टने इमानेइतबारे नव्या फाइली ठेवल्या आणि जुन्या उडवल्या. थोडक्यात, आजीच्या ओव्या गेल्या आणि स्प्रिंट प्लॅनिंग राहिलं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. फाइली तेव्हाही गेल्या नव्हत्या. जानेवारीचा मासिक स्नॅपशॉट होता आणि त्यात अकराच्या अकरा सुखरूप होत्या. पुढचे सात महिने तो स्नॅपशॉट त्या सांभाळून बसला होता. सप्टेंबरात माझी डिस्क भरली. मी वैतागून सगळे जुने स्नॅपशॉट एका कमांडमध्ये उडवले. दीडशे जीबी मोकळे झाले म्हणून स्वतःची पाठ थोपटली आणि चहा प्यायला गेलो.

डुप्लिकेटवाली स्क्रिप्ट हा गाढवपणा होता, मान्य. पण तो गाढवपणा परत फिरवता येण्यासारखा होता. सप्टेंबरातला तसा नव्हता. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की स्नॅपशॉट घेणं हे आता काम राहिलेलंच नाही, ते मशीन आपोआप करतं. उडवणं हे काम आहे. आणि आपण सगळे नेमकं तेच डोळे मिटून करतो.

यासाठी स्नॅपशॉट म्हणजे काय हे थोडं बघावं लागेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

घरी जुना हस्तलिखित सातबारा असेल तर काढून बघा. जमीन एकाची दुसऱ्याच्या नावावर झाली, की जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि नवीन नाव फेरफार क्रमांकासह लिहितात. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइलसिस्टिम साधारण याच वृत्तीच्या आहेत. तुम्ही फाइल बदलली की जुन्या ब्लॉकवर गिरवत नाहीत, नवा मजकूर डिस्कवर दुसरीकडे लिहितात आणि 'आता इकडे बघा' अशी नोंद करतात. यालाच म्हणतात कॉपी-ऑन-राइट. एरवी जुना ब्लॉक मग मोकळा म्हणून जाहीर होतो. स्नॅपशॉट घेणं म्हणजे 'या क्षणाची नोंदवही जपून ठेवा, तिच्यातल्या एकाही ब्लॉकला हात लावू नका' असं सांगणं. कॉपी काहीच होत नाही, म्हणून स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा खात नाही. तुम्ही जसजसं बदलत जाता तसतसे जुने ब्लॉक त्याच्या खात्यावर जमत जातात.

कल्पना तशी जुनी आहे. नेटअ‍ॅपच्या मंडळींनी त्यांच्या वाफल या फाइलसिस्टिमवरचा पेपर १९९४ मध्ये मांडला, त्यात स्नॅपशॉट आहेत. सनच्या झेडएफएसचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला. ओरॅकलमध्ये ख्रिस मेसनने २००७ मध्ये सुरू केलेली बीटीआरएफएस २००९ मध्ये २.६.२९ या लिनक्स कर्नलमध्ये आली आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ वर्कस्टेशनची डीफॉल्ट झाली. म्हणजे एकेकाळी लाखो रुपयांच्या स्टोरेजवर असलेली सोय आता तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर फुकट आहे. आणि फुकट मिळालेल्या वस्तूची आपण काय किंमत ठेवतो हे मी वेगळं सांगायला नको.

आता माझी डिस्क का भरली ते सांगतो. मी एक व्हर्च्युअल मशीन चालवत होतो, चाळीस जीबीची एकच फाइल, रोज आतून बदलणारी. दर तासाच्या स्नॅपशॉटने तिचे जुने ब्लॉक धरून ठेवले. मला वाटलं मशीनच उडवू, चाळीस जीबी सुटतील. उडवलं. सुटले किती? शून्य! कारण ते ब्लॉक अजून स्नॅपशॉटांच्या खात्यावर होते. पहिल्यांदा हे बघितलं की माणूस चक्रावतो. फाइल दिसत नाही आणि जागाही मिळत नाही. मग तो जालावर शोधतो, कुणीतरी दिलेली कमांड डकवतो आणि सगळे स्नॅपशॉट एकदम उडवतो. मी हेच केलं.

तेव्हा एक मिनिट थांबलो असतो तर? मी स्नॅपर वापरतो. जानेवारीचा स्नॅपशॉट आणि आजची स्थिती यांत काय फरक आहे याची यादी त्याच्या 'स्टेटस' कमांडने मिळते. झेडएफएसवाल्यांना 'झेडएफएस डिफ' आहे. त्या यादीत व्हर्च्युअल मशीनची एक ओळ असती, ब्राउझरचा कचरा असता आणि अकरा ओळी 'न्यू रेकॉर्डिंग'च्या असत्या, समोर वजाचं चिन्ह घेऊन. ती यादी बघायला लागली असती फार तर दहा मिनिटं. नंतर फाइली परत मिळवायचे प्रयत्न मी तीन रात्री केले, पण एसएसडीवर ट्रिम चालू असताना मोकळ्या झालेल्या ब्लॉकांत काय शिल्लक राहणार? आणि तो जुना फोन एव्हाना एक्स्चेंजमध्ये देऊन झाला होता.

चालू कॉम्प्युटरवर स्नॅपशॉट घेण्याबद्दलही थोडं बोलतो, कारण तिथेही 'आहे ना स्नॅपशॉट' ही गुर्मी नडते. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो ना? कुणी ओरडलं की जो जसा असेल तसा थिजायचा. एकाचा पाय हवेत, दुसऱ्याचा घास तोंडाशी. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कला केलेलं स्टॅच्यू. डिस्कवर जे पोचलंय ते थिजतं. जे अजून रॅममध्येच आहे, म्हणजे तुम्ही टंकलेलं पण सेव्ह न केलेलं पत्र, ते त्या फोटोत नसतंच.

मग चालू डेटाबेसचं काय? त्याला हा स्नॅपशॉट अचानक लाईट गेल्यासारखा दिसतो. माझ्या पिढीने महाराष्ट्रातलं लोडशेडिंग बघितलंय. गाणं कॉपी होता होता पीसी बंद पडायचा आणि परत लावला की निळ्या स्क्रीनवर चेकडिस्क चालू. पोस्टग्रेससारखे डेटाबेस हे गृहीत धरूनच बांधलेले आहेत. बदल करायच्या आधी तो लॉगमध्ये लिहितात, आणि लाईट आल्यावर लॉग वाचून स्वतःला सावरतात. पण अट अशी, की डेटा आणि लॉग दोन्ही एकाच क्षणाचे हवेत. डेटा एका व्हॉल्यूमवर, लॉग दुसऱ्यावर आणि स्नॅपशॉट पाच सेकंदांच्या अंतराने घेतले, तर तो एका घरातल्या दोन घड्याळांचा प्रकार होतो. मायएसक्यूएलमध्ये स्नॅपशॉटपुरतं लिहिणं थांबवायला ग्लोबल लॉक घेतात. तो लॉक ज्या सेशनमध्ये घेतला ते सेशन बंद केलं की लॉकही सुटतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

आणि एक. बीटीआरएफएसवर स्नॅपशॉट एका सबव्हॉल्यूमपुरता असतो, आतल्या दुसऱ्या सबव्हॉल्यूममध्ये शिरत नाही. ओपनसुसेमध्ये पॅकेज अपडेटच्या आधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट होतात, पण सिस्टिमचे. तुमचं 'होम' वेगळं असतं. विंडोजचा रिस्टोअर पॉइंटसुद्धा सिस्टिमसाठी आहे, तुमच्या लग्नाच्या फोटोंसाठी नाही. तेव्हा 'आहे ना स्नॅपशॉट' म्हणण्याआधी कशाचा आहे ते एकदा बघा.

आता कुणी म्हणेल, एका माणसाच्या लॅपटॉपवरून एवढी बडबड कशाला. मोठ्या कंपन्यांत असं होत नसणार. होतं! गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे, आणि त्यांनी स्वतःच ते मोकळेपणाने जगासमोर मांडलं. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा उडवायचा होता, इंजिनियरने रात्री उशिरा चुकून मुख्य सर्व्हरवर कमांड चालवली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचे डंप होतच नव्हते. पोस्टग्रेस ९.६ आणि डंप घ्यायचं टूल ९.२, म्हणून ते रोज फेल होत होतं. फेल झाल्याची मेल यायला हवी होती, तीही नाकारली जात होती.

वाचवलं कशाने? सुमारे सहा तास आधी एका इंजिनियरने स्टेजिंगवर काम करायचं म्हणून हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. ठरलेला स्नॅपशॉट २४ तासांतून एकदा होता. हा मुद्दाम, विशिष्ट कामासाठी घेतलेला होता. तरी सहा तासांचा डेटा गेलाच, त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट आणि ७०० नवे युजर. मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? हा स्नॅपशॉट कशासाठी आहे आणि कुठे आहे, हे एका जिवंत माणसाला माहीत होतं. माझ्या दीडशे जीबीत कशासाठी काय होतं, हे मला माहीत नव्हतं.

यावर माझा रूममेट म्हणतो, "अरे डिस्क स्वस्त झाल्यात, उडवायचंच कशाला? ठेव सगळं." हा युक्तिवाद मला पूर्वी पटायचा, आता पटत नाही. एक तर डिस्क कितीही मोठी घ्या, ती भरते, आणि भरते तेव्हा आपण घाईत असतो. घाईतच सगळं एकदम उडवलं जातं. शिवाय आपण उडवलेल्या कित्येक गोष्टी खरोखर उडायला हव्या असतात. कुणी विश्वासाने पाठवलेलं पॅनकार्ड, ग्राहकाने 'काढून टाका' म्हणून सांगितलेली माहिती... स्नॅपशॉटमध्ये ती तशीच बसून असते. सगळं ठेवणं म्हणजे काय महत्त्वाचं हे ठरवायची टाळाटाळ. ते ठरवायची वेळ नंतर येतेच, फक्त वाईट मुहूर्तावर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क मेली, लॅपटॉप शिवनेरीत राहिला, तर मूळ आणि स्नॅपशॉट दोघेही एकाच चितेवर. एलव्हीएमच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला तर आधी नेमून दिलेली जागा भरली की तो निकामीच होतो. व्हायरसवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. २०१७ च्या मे महिन्यात आलेलं वॉनाक्राय फाइली कुलूपबंद करायचं आणि विंडोजच्या शॅडो कॉपीही उडवायचं. स्नॅपशॉट आपल्या हातच्या चुकीवर उतारा आहे, चोरी आणि आगीवर नाही.

सध्या मी काय करतो ते सांगतो. सगळ्यांनी हेच करावं असं नाही. स्क्रिप्ट चालवण्याआधी, अपग्रेडच्या आधी, घाऊक साफसफाईच्या आधी हाताने एक स्नॅपशॉट घेतो आणि स्नॅपरच्या वर्णनाच्या जागी कारण लिहितो, 'डुप्लिकेट काढण्याआधी'. नुसत्या क्रमांकावरून सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. व्हर्च्युअल मशीन आणि डाउनलोड वेगळ्या सबव्हॉल्यूमवर हलवलेत, म्हणजे त्यांचा पसारा स्नॅपशॉटात येत नाही. तासाचे चोवीस, दिवसाचे सात, आठवड्याचे चार, इतकेच आपोआप राहतात. मासिक स्नॅपशॉट मात्र मशीनला उडवू देत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चहाचा कप घेऊन बसतो, सगळ्यात जुन्याची यादी काढतो आणि वजाचं चिन्ह असलेल्या ओळी वाचतो. वाचून झालं की मगच उडवतो.

रविवारी बाहेरची डिस्क लावून 'सेंड' आणि 'रिसीव्ह'ने ताजा स्नॅपशॉट तिच्यावर पाठवतो. मागच्या वेळेपासून बदललेलं तेवढंच जातं, त्यामुळे माझ्याकडे पाच-सात मिनिटांत आटपतं. आणि त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघतो. उघडून बघणं महत्त्वाचं. गिटलॅबकडे बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, कमतरता होती ती उघडून बघणाऱ्याची.

हे सगळं कंटाळवाणं आहे, कबूल. स्नॅपशॉट घेताना कसं मस्त वाटतं, एक कमांड, एक क्षण, काम फत्ते. जुन्या स्नॅपशॉटची यादी वाचणं म्हणजे माळा आवरण्यासारखं. पण घरात माळा आवरताना आई प्रत्येक डबा उघडून बघते, मग बाजूला ठेवते. मी तिला हसायचो. आता हसत नाही.

वर्षश्राद्धाला शेवटी तीन ओव्या लागल्या. तेवढ्याच मी कधीतरी मामेभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, आणि तो कधीच काही उडवत नाही (त्याच्या फोनमध्ये २०१९ पासूनचे 'गुड मॉर्निंग' आहेत). बाकीच्या आठांचं मी आईला खरं काय ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दळणाची एक मला येते थोडी. लिहून घे." लिहून घेतली आणि रेकॉर्डही केली. मध्ये दोन ओळी तिला आठवत नाहीत, मावशीला विचारायच्या आहेत.

या वेळी फाइलला नाव दिलंय. आईचं नाव, तारीख, गाव. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आहे, मामेभावाकडे एक. आज महिन्याचा पहिला शनिवार, यादी वाचायची आहे, तेव्हा इथेच थांबतो. तुमच्या मशीनवर सगळ्यात जुना स्नॅपशॉट कधीचा आहे, आणि त्यात असं काय आहे जे आता दुसरीकडे कुठेच नाही? या वीकांताला जमलं तर बघून ठेवा.